संकष्टीच्या उपवासात शरीर नवी साखर कशी तयार करते आणि त्यानुसार उपवास कसा धरावा

उपवासाचा हिशेब सकाळपासून न धरता आदल्या रात्रीच्या शेवटच्या घासापासून तासांत धरावा. पुण्यात संकष्टीचा चंद्रोदय बहुधा रात्री नऊच्या आसपास असतो. म्हणजे आदल्या रात्री नऊला जेवलेल्या माणसाचा निखळ उपवास चोवीस तासांचा होतो.

जेवणानंतर काही तासांनी रक्तातली साखर कमी करणारे इन्सुलिन हे संप्रेरक उतरते, त्याच्या उलट काम करणारे ग्लुकागॉन वाढते आणि यकृत आपल्याकडचे ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले ग्लुकोज, मोडून रक्तात ग्लुकोज सोडू लागते. हा साठा जेमतेम 100 ग्रॅमचा असतो, आणि एकट्या मेंदूलाच दिवसाला सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज लागते. स्नायूंतला साठा याहून मोठा असला, तरी ग्लुकोज मोकळे करणारे शेवटचे विकर (एन्झाइम) स्नायूंत नसल्याने तो रक्ताच्या उपयोगी पडत नाही. म्हणूनच यकृत, आणि थोड्या प्रमाणात मूत्रपिंडे, नवे ग्लुकोज घडवतात. सकाळच्या चहाच्या वेळेपर्यंत यकृतातून येणाऱ्या ग्लुकोजपैकी जवळपास निम्मे असे नव्याने तयार झालेले असते.

त्यासाठी कच्चा माल तीन ठिकाणांहून येतो. रक्तातल्या तांबड्या पेशींत मायटोकाँड्रिया (पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रे) नसल्यामुळे त्या ग्लुकोज अर्धवट मोडून त्याचे लॅक्टेट करून सोडतात आणि यकृत त्याच लॅक्टेटपासून पुन्हा ग्लुकोज बांधते. 1947 च्या नोबेलचे मानकरी कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याच्या नावाने हे चक्र ओळखले जाते. स्नायूंतील प्रथिनांपासून मुख्यतः ॲलनिन हे अमिनो आम्ल येते आणि चरबीतून ग्लिसरॉल. चरबीतील मेदाम्लांचे मात्र ग्लुकोज होत नाही, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो: ती जळून या बांधणीला लागणारी ऊर्जा पुरवतात, आणि त्यांच्याविना हे काम अडते.

आता फराळाचे पाहू. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि खिचडीत बटाटाही असतोच. सकाळी अकराला बशीभर खिचडी खाल्ली की इन्सुलिन वाढते, यकृताचे हे काम मंदावते आणि तासांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. व्रताला त्याने बाध येत नाही. परंतु शरीराला खरोखर उपाशी ठेवायचे असेल, तर पाणी आणि बिनसाखरेचे लिंबूपाणी एवढ्यावरच राहावे. पर्वती सावकाश चढायला निरोगी माणसास हरकत नाही, व्यायामशाळेतला जोराचा व्यायाम मात्र त्या दिवशी टाळावा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी डोस ठरवण्यासाठी डॉक्टरांना आधीच भेटावे, कारण बाहेरून दिलेले अथवा गोळीने वाढवलेले इन्सुलिन यकृताची ही निर्मितीच दाबून टाकते. घाम, थरथर किंवा गोंधळल्यासारखे वाटल्यास लगेच ग्लुकोमीटरवर तपासावे. आकडा 70 mg/dL च्या खाली असेल, तर चंद्रोदयाची वाट न पाहता तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि त्या दिवशीचा उपवास तिथेच सोडावा.