मॉड्युलर सिंथमध्ये रिव्हर्ब लावताय? या चुका टाळा

मॉड्युलर सिंथ म्हणजे सुटे मॉड्यूल केबलींनी जोडून केलेलं वाद्य, आणि रिव्हर्ब म्हणजे आवाजाला खोलीसारखा घुमारा देणारं त्यातलं मॉड्यूल. मे महिन्यात रात्री साडेदहाला सिडकोतल्या मित्राचा फोन. "भाऊ, रिव्हर्ब गेला रे. नुसता फाटतोय." नवाकोरा डिजिटल रिव्हर्ब, पंधरा दिवसही झाले नव्हते. परत पाठवायचा मेलही त्याने लिहून ठेवला होता. गेलो तर ऑसिलेटरची (मूळ सूर काढणारं मॉड्यूल) सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यांसारखी लाट) थेट रिव्हर्बच्या इनपुटला, नॉब पूर्ण उजवीकडे आणि बाजूचा दिवा लालबुंद. मध्ये एक ॲटेन्युएटर (पातळी कमी करणारं मॉड्यूल) घातला, तो निम्म्याच्याही खाली आणला. आवाज स्वच्छ. मेल ड्राफ्टमध्येच राहिला.

रिव्हर्बबद्दलच्या बहुतेक तक्रारी मी अशाच मिटताना पाहिल्यात. मॉड्यूल ठणठणीत असतं, चुकलेली असते ती आवाजाची पातळी किंवा पॅचमधली (केबलींच्या जोडणीतली) जागा.

पातळी: पहिला संशय इथेच घ्या

युरोरॅकमधला (मॉड्यूल्सचं एक ठरलेलं माप) ऑसिलेटर साधारण ±5 व्होल्ट देतो, म्हणजे शिखरापासून शिखरापर्यंत 10 व्होल्ट. स्टुडिओतली लाइन लेव्हल (यंत्रांमधून जाणाऱ्या आवाजाची ठरलेली पातळी) त्याच मापात साडेतीन व्होल्टच्या आसपास, आणि घरगुती यंत्रांची तर एका व्होल्टच्याही आत. आता दोन ऑसिलेटर मिक्सरमध्ये एकत्र केले, वर फिल्टरचा रेझोनन्स (ठरावीक पट्टीला दिलेला उठाव) चढवला, की आकडा आणखी फुगतो. ॲनालॉग फिल्टर असा जादा भार गोड मानून घेतो, थोडा फाटतो पण कानाला बरा वाटतो. डिजिटल मॉड्यूलच्या दारात कन्व्हर्टर (व्होल्टेजचे आकडे करणारा भाग) बसलेला असतो. त्याची मर्यादा ओलांडली की लाटेचा माथा सपाट कापला जातो, आणि तो कापलेला माथा मग रिव्हर्बमध्ये पाच सेकंद घुमत राहतो. म्हणून साध्या आवाजापेक्षा रिव्हर्बमधलं फाटणं जास्त टोचतं.

निदान सोपं आहे. इनपुट कमी केल्यावर फाटणं थांबलं तर दोष पातळीचा. थांबलं नाही तर पुढे बघा. मॉड्युलरचा आवाज थेट ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनमध्ये घातला असेल तर तिथेही हीच गंमत होते. मित्राकडे दोन्ही ठिकाणी फाटत होतं, दुसरं त्या रात्री चहानंतर सापडलं.

व्हीसीए आधी की नंतर?

"शेपूट येतच नाही," ही दुसरी नेहमीची तक्रार; शेपूट म्हणजे सूर थांबल्यावर मागे उरणारा घुमारा. पॅच बघितला तर ऑसिलेटर, मग रिव्हर्ब, मग व्हीसीए (आवाज कमीजास्त करणारं मॉड्यूल). एन्व्हलप (व्हीसीए कधी उघडायचा-मिटायचा ते सांगणारा सिग्नल) बंद झाला की व्हीसीए दार लावून घेतो, मग आत रिव्हर्ब कितीही घुमत असो. व्हीसीए आधी घ्या, रिव्हर्ब त्यानंतर. सूर थांबतो, घुमारा मागे रेंगाळतो. मुद्दाम कापलेली शेपूट हवी असेल तर उलटा क्रम चालेल, ड्रमवर तो झकास लागतोही.

मिक्सरच्या सेंड-रिटर्नवर (आवाजाची एक वाट बाहेर पाठवून परत घेण्याची सोय) रिव्हर्ब असेल तर त्याचा ड्राय-वेट नॉब (कोऱ्या आणि घुमलेल्या आवाजाचं प्रमाण) पूर्ण वेटवर ठेवा. नाहीतर कोरा आवाज दोन वाटांनी येतो: एक सरळ, दुसरा मॉड्यूलमधून किंचित उशिरा. दोन्ही मिसळले की सगळं नळीतून आल्यासारखं पोकळ वाटतं, आणि लोक दिवसभर फिल्टरवर शंका घेत बसतात.

ढोल, लगदा आणि खालचा आवाज

ही चूक माझी. नाशिक ढोलाचा एक तुकडा सॅम्पलरमध्ये भरला, मोठा हॉल (सभागृहासारखा रिव्हर्ब) लावला आणि डिके (घुमारा विरायला लागणारा वेळ) लांबवला. थापेचा जो खालचा दणका अंगावर यायला हवा होता, त्याचा नुसता लगदा झाला. एका थापेचा घुमारा संपायच्या आत पुढची थाप येत होती. उपाय म्हणून रिव्हर्बच्या आधी हायपास फिल्टर घातला, साधारण 150-200 हर्ट्झच्या खालचं रिव्हर्बकडे जाऊच दिलं नाही आणि कोरा ढोल वेगळा मिक्सरला नेला. शिवाय डिके अर्ध्यावर आणला. किती घुमारा हे ठरवताना मला पांडवलेणी (नाशिकजवळची प्राचीन लेणी) आठवते. तिथल्या दगडी दालनात टाळी वाजवून ती विरेपर्यंत मनात मोजा. मग घरी नॉब फिरवा, हात आपोआप आखडता होतो.

सीव्ही देताना

सीव्ही म्हणजे नॉब हाताने फिरवण्याऐवजी दिलेलं नियंत्रण व्होल्टेज. साइझला (खोलीचा आकार ठरवणारा नॉब) एलएफओ (संथ लाट देणारा ऑसिलेटर) जोडला आणि सूर डुगडुगायला लागला, तर तो बिघाड नाही. खोलीचा आकार म्हणजे आत डिले लाइनची (आवाज उशिरा सोडणारा भाग) लांबी, ती चालू आवाजात बदलली की सूर वरखाली सरकणारच. हळू आणि थोडंसं द्या. दुसरं म्हणजे काही इनपुट 0 ते 5 व्होल्टच ओळखतात, तिथे ±5 चा एलएफओ दिला की अर्धी लाट वायाच जाते. ऑफसेट देऊन आणि ॲटेन्युएट करून ती वर उचला.

गंगापूर रोडच्या एका छोट्या कार्यक्रमात एकच स्पीकर होता. घरी हेडफोनवर रुंद वाटणारा रिव्हर्ब तिथे पातळ झाला, कारण डावं-उजवं एकत्र केल्यावर शेपटीतला बराचसा भाग एकमेकांनाच खाऊन टाकत होता. निघण्याआधी एकदा मोनोत ऐका.

पॉवर

इथे मस्करी नको. रिबन केबलची लाल कड -12 व्होल्टच्या बाजूला, आणि जोडणी नेहमी स्विच बंद करूनच. काही मॉड्यूल्सना उलट जोडणीपासून संरक्षण असतं, काहींना नसतं. अनेक डिजिटल मॉड्यूल्स +12 च्या रेलमधून 100 मिलिअँपपेक्षा जास्त ओढतात, तेव्हा नवीन घेण्याआधी सगळ्या मॉड्यूल्सच्या करंटची बेरीज करा. बारीक चीं-चीं येत असेल तर रिव्हर्ब ऑसिलेटरपासून दूर, पॉवर बोर्डच्या दुसऱ्या टोकाला लावून बघा. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर गुणगुण थांबली तर रॅकला दोष देऊ नका.

इतकं करूनही आवाजच येत नसेल तर आधी पॅच केबल बदला. मित्राचा दुसऱ्यांदा "रिव्हर्ब गेला" म्हणून फोन आला, तो केबलमुळेच निघाला. ती केबल अजून त्याच्या टेबलावरच आहे, टाकवत नाही म्हणतो.