गुलाबाच्या काडीला घरच्या घरी मुळं फोडायची असतील तर

गुलाबाची काडी लावायची म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, मुळं यायला काय लावू? कोरफड, दालचिनी, मध, का बटाट्यात खुपसून ठेवू? सगळ्याबद्दल सांगते पण आधी हे ऐका, निम्म्याहून जास्त काम काडी कुठली घेतली आणि ओल किती ठेवली यावरच होतं, डब्यातल्या मसाल्यांचा नंबर त्यानंतर. कोवळी लुसलुशीत काडी मधात बुडवा नाहीतर अमृतात, ती काळी पडायची ती पडणारच.

गुलाब कुठला हे पण बघा. आपला गावठी गुलाबी, वासाचा, ज्याचा गुलकंद करतात तो पटकन लागतो, बटण गुलाब आणि वेलीचे गुलाब पण त्रास देत नाहीत. मोठ्या फुलांचे नर्सरीवाले गुलाब लागतात पण चार काड्यांतली एखादी, आणि त्यात पिवळे तर फारच हट्टी, म्हणून काड्या नेहमी जास्तीच्या लावायच्या. नर्सरीतलं झाड बहुतेक वेळा जंगली गुलाबावर डोळा भरून केलेलं असतं (डोळा म्हणजे काडीवर जिथून पालवी फुटते तो उंचवटा, चांगल्या गुलाबाचा तो कापून जंगली झाडावर बसवतात), त्यामुळे बुंध्याशी जो फुगवटा दिसतो त्याच्या खालून आलेली फांदी तुम्ही लावलीत तर फूल जंगली येणार. सात पानं म्हणजे जंगली ही खूण सगळीकडे सांगतात पण ती खात्रीची नाही, चांगल्या गुलाबांनाही सात पानं असतात, त्यामुळे फांदी निघाली कुठून ते वाकून बघा. आणि बुकेतले गुलाब लावता येतात का, तर प्रयत्न करायला हरकत नाही पण मावळातल्या पॉलीहाऊसमधून कोल्ड स्टोरेज करत करत आलेली ती काडी आधीच दमलेली असते, फार आशा ठेवू नका.

आपल्याकडे सगळ्यात बरा काळ म्हणजे पाऊस संपून ऑक्टोबर हीट ओसरली की तिथून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यानंतरची छाटणी तशीही करतोच, त्याच काड्या वापरायच्या, फुकटचा माल. पावसाळ्यातही लागतात पण बुरशी फार, आणि एप्रिल-मे मध्ये विदर्भ मराठवाड्याकडच्यांनी तर नादच सोडा.

काडी अशी बघायची. जिच्यावरचं फूल नुकतंच झडलंय ती फांदी, पेन्सिलीएवढी जाड, वाकवली तर रबरासारखी वळणारी नको आणि तपकिरी झालेली जुनी लाकडी पण नको. काट्यावरून छान कळतं, अंगठ्याने काटा बाजूला दाबा, टक् करून स्वच्छ तुटला तर काडी तयार आहे, नुसता वाकला किंवा साल घेऊन निघाला तर अजून कोवळी आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी झाडाला पाणी घालून ठेवा आणि सकाळी उन्हं चढायच्या आत कापा. ६ ते ८ इंच लांबी, त्यात तीन-चार डोळे आले पाहिजेत. खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली, तिरका. वरचा काप डोळ्याच्या थोडा वर, सरळ, म्हणजे वरखाली कुठलं हा गोंधळ पण होत नाही (उलटी लावणारे लोक असतात, हसू नका). सिकेटर किंवा कात्री स्पिरिटने नाहीतर सॅनिटायझरने पुसून घ्या, बोथट कात्रीने दाबून कापली तर काडी चेचली जाते आणि तिथूनच सडायला लागते. कळ्या, फुलं, फळं सगळं काढा, वरची एक-दोन पानं ठेवा, पान मोठं असेल तर अर्धं कापा. खालच्या टोकाला एका बाजूने इंचभर साल नखाने हलकीच खरवडा, मुळं तिथून पण येतात.

आता तुमची कोरफड. पात कापली की ती उभी ठेवून पिवळा चीक गळू द्या, मग आतला गर घ्या आणि काडीचं खालचं टोक त्यात पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवा. गराने कापलेला भाग सुकत नाही, हा खरा फायदा. बाजारात जी रूटिंग पावडर मिळते तिच्यात आयबीए नावाचं मुळं आणणारं हार्मोन असतं, त्याची बरोबरी कोरफड करत नाही, पण गावठी गुलाबाला तेवढी पावडर लागतच नाही.

दालचिनी आणि हळद बुरशी लांब ठेवतात, मुळं आणत नाहीत. गरात बुडवलेल्या टोकावर दालचिनीची पूड चिमटीने भुरभुरवायची, जाड लेप द्यायचा नाही. मधाचं पण तेच, दोन कप पाणी उकळून गार करा, त्यात एक चमचा मध ढवळा आणि काडी बुडवून काढा, बास. नुसता मध चोपडलात तर दुसऱ्या दिवशी कुंडीला मुंग्यांची रांग लागलेली दिसेल. कोरफड, मध, हळद, दालचिनी सगळं एकत्र कालवून काडीचं पंचामृत करू नका, कोरफड आणि चिमूटभर दालचिनी पुरे.

नारळपाणी लोक फार सांगतात पण त्यात जे द्रव्य असतं ते मुळांपेक्षा फुटवे काढायला मदत करणारं, शिवाय साखर असते, आंबतं. ते तुम्हीच प्या. बटाट्यात काडी खुपसायचा प्रकार व्हिडिओत झकास दिसतो, प्रत्यक्षात आपल्या हवेत बटाटा सडतो आणि काडीला घेऊन सडतो, नाहीतर कुंडीत बटाट्याचंच रोप वर येतं. त्यापेक्षा घराजवळ नदीकाठी वाळुंजाचं झाड असेल तर त्याच्या कोवळ्या हिरव्या काड्यांचे तुकडे रात्रभर पाण्यात भिजत घाला आणि त्या पाण्यात गुलाबाच्या काड्या काही तास ठेवा. परदेशात मुळं फुटायला विलो नावाच्या झाडाच्या काड्या भिजवलेलं पाणी वापरतात, वाळुंज त्याच घराण्यातला.

माती म्हणजे खरं तर माती नकोच. अर्धी जाडसर वाळू, अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि कोकोपीट दोन पाण्यांतून धुऊन पिळून घ्यायचं कारण त्यात क्षार असतात. शेणखत, गांडूळखत, चहाचा चोथा यातलं काहीही आत्ता घालायचं नाही, मुळंच नाहीत तर खाणार कोण, उलट काडी कुजते. खाली भोकं पाडलेला पारदर्शक ग्लास घेतलात तर मुळं बाहेरून दिसतात, फक्त ग्लासभोवती काळा कागद गुंडाळा आणि बघायच्या वेळी काढा. काडी थेट खुपसू नका, लावलेला गर आणि पूड वरच पुसली जाते, आधी पेन्सिलीने भोक करा, मग काडी सोडा, निदान दोन डोळे आत जाऊ द्या, बाजूने बोटाने घट्ट दाबा आणि एकदा भरपूर पाणी देऊन निथळू द्या.

वरून पाण्याची मोठी बाटली अर्धी कापून टोपीसारखी घाला. मुळं नसल्यामुळे काडी पाणी ओढू शकत नाही पण पानांतून पाणी जातच असतं, म्हणून ही दमट खोली करायची. जागा भरपूर उजेडाची पण ऊन थेट नको, उन्हात ती बाटली तापून आतली काडी अक्षरशः शिजते. रोज पाणी घालायची खुमखुमी आवरा. बाटलीच्या आत बारीक दव दिसतंय तोपर्यंत काही करायचं नाही, थेंबाच्या धारा ओघळायला लागल्या तर तासभर बाटली उघडी ठेवा, आतून कोरडी दिसली तरच पाणी. एरवी एक दिवसाआड पाच मिनिटं हवा खाऊ द्या.

आणि आता जिथे सगळे फसतात ते. दहा-पंधरा दिवसांत डोळ्यातून लालसर पालवी येते, फोटो काढून ग्रुपवर जातो, बाटली काढली जाते, काडी मोठ्या कुंडीत जाते आणि आठवड्यात मान टाकते. ती पालवी काडीने स्वतःच्या अंगातल्या साठ्यावर काढलेली असते, खाली अजून मुळांचा पत्ता नसतो, असलीच तर कापाच्या कडेने पांढरट खडबडीत गाठ धरलेली असते. मुळं यायला चार ते सहा आठवडे धरा, थंडी जास्त असेल तर अजून. तोपर्यंत उपटून बघायचं नाही, त्या गाठीतून निघालेली मुळं दोऱ्याहून नाजूक असतात, एका झटक्यात तुटतात. महिन्यानंतर दोन बोटांनी अगदी हलकं वर ओढून बघा, खालून धरल्यासारखं वाटलं तर मुळं आहेत. पानं पिवळी होऊन गळली तरी काडी हिरवी असेल तर ठेवा, खालून काळी पडत वर आली तर लगेच काढून फेका, शेजारचीला लागण होते.

ग्लासात मुळं चांगली दोन-तीन इंच दिसली की पाच-सहा दिवस बाटली थोडी थोडी जास्त वेळ उघडी ठेवत जा आणि मग ६ इंची कुंडीत हलवा, मुळांभोवतीचा गोळा न फोडता. आता माती, वाळू आणि गांडूळखत चालेल, खताचं प्रमाण पाव भागाच्या वर नको. ऊन पण हप्त्या-हप्त्याने वाढवायचं, आधी सकाळचं तासभर, मग चार-पाच तासांपर्यंत. पहिल्या एक-दोन कळ्या आल्या तर खुडा, जिवावर येतं पण त्या वेळी झाडाने मुळं आणि फांद्या करायला हव्यात. वरचं खत महिनाभर तरी नको. डिसेंबरात लावलेल्या काडीची मुळं मार्च-एप्रिलपर्यंत वरच्यावरच असतात, तेव्हा उन्हाळ्यात दुपारी हिरवी नेट किंवा जुनी ओढणी बांधून सावली करा आणि कुंडीत वर वाळक्या पानांचा थर टाका.