छपरावरच्या गाळातून अवकाशातला कण कसा शोधावा

चुंबक फिरवला, काळी पूड चिकटली, की 'बघा, उल्का!' असं सांगणारे व्हिडिओ पाहून आला असाल तर आधीच सांगतो: त्या पुडीतला जवळजवळ सगळा माल माणसाचाच असतो. वेल्डिंगच्या ठिणग्या, ब्रेकची झीज, फटाक्यांची राख, छपराचेच झिजलेले दाणे. अवकाशातला कण त्यात असतो, पण एखादाच, आणि त्याला चुंबक ओळखत नाही. ओळखावं आपल्याला लागतं.

पृथ्वीवर अवकाशातली ही धूळ सतत पडते, पण विरळ. साधारण ०.१ मिलिमीटर आकाराचा कण एका चौरस मीटरवर वर्षाकाठी एखादा. तेव्हा छप्पर मोठं, सपाट आणि वर्षानुवर्षं कुणी न झाडलेलं हवं. गाळ घ्यायचा तो पन्हळीच्या तोंडाशी साचलेला. शेजारी वेल्डिंगचं वर्कशॉप असेल तर ते छप्पर सोडून द्या. मालकाची परवानगी नसेल किंवा कठडा नसेल, तर चढूच नका. कबुतरांची वाळलेली विष्ठा छातीत जाणं वाईट, म्हणून मास्क लावा आणि गाळ ओलाच उचला.

भांडी घासायचं लिक्विड घालून गाळ धुवा, तरंगणारा कचरा ओतून टाका, पाणी नितळ झालं की वाळवा. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवा, नाहीतर पुढचा आठवडा तो खरवडण्यात जाईल. ०.४ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडेल आणि ०.१५च्या चाळणीवर राहील तेवढंच ठेवा. काचेसारखे काही कण चुंबकाला दाद देत नाहीत, ते सुटतात. सुटू द्या.

इथवर कुणालाही जमतं. खरी मारामारी सूक्ष्मदर्शकाखाली आहे.

पहिली दोन वर्षं मी गोल दिसेल ते उचललं. डबीत एकशे चाळीस गोळे जमले आणि मी खुशीत होतो. मग ओळखीच्या एका संशोधक बाईंनी त्यातले वीस इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. वीसच्या वीस वेल्डिंगचे. बाकीचे बघायची गरज वाटत नाही, म्हणाल्या. 'गोल आणि काळा म्हणजे उल्काकण' हा सल्ला मला कुणी दिला होता ते आठवत नाही, आठवलं असतं तर भेटून आलो असतो.

गोल होणं ही काही अवकाशाची मक्तेदारी नाही. वितळलेला कुठलाही थेंब हवेत उडाला की पृष्ठताणामुळे गोल होतो. वेल्डिंगची ठिणगी तशीच होते. फरक पुढे पडतो. अवकाशातला कण सेकंदाला ११ किलोमीटरहून अधिक वेगाने वातावरणात शिरतो, काही सेकंदांत वितळतो, आणि वेग मरत असतानाच थिजतो. थिजताना आत स्फटिक वाढतात आणि ते पृष्ठभागावर दिसतात. म्हणून आकाराकडे बघू नका, कातडी बघा.

चाळीस पट मोठं दाखवणारा स्टिरिओ (दोन्ही डोळ्यांनी बघायचा) सूक्ष्मदर्शक पुरतो. उजेड मात्र बाजूने, तिरका सोडा. खालून उजेड दिलात तर सगळंच काळं दिसेल. दातकोरणीचं टोक पाण्यात बुडवून कण उचला आणि फिरवून फिरवून बघा. एकाच बाजूने पाहून निकाल देऊ नका, ही माझी दुसरी चूक होती.

खऱ्या दगडी कणावर बहुधा यांतलं काहीतरी दिसतं. नांगरटीच्या रेघांसारख्या समांतर पट्ट्या: हे ऑलिव्हिन नावाच्या खनिजाचे स्फटिक. त्यांच्या अधेमधे मॅग्नेटाइट या लोहखनिजाची नेच्याच्या पानांसारखी बारीक नक्षी. कधी एका टोकाला धातूचा चकाकता मणी बाहेर डोकावतो. हवेने कण अडतो तेव्हा वितळलेलं जड लोखंड आणि निकेल पुढच्या टोकाकडे सरकतं, तोच हा मणी. असा कण काटेकोर गोलही नसतो, जरा लांबट असतो. मला पहिला खरा मिळाला तो तर मी 'वाकडा आहे' म्हणून बाजूला ढकलला होता!

उलट आरशासारखा गुळगुळीत काळा गोळा, शेपूट असलेला, फुटून आतून पोकळ दिसणारा, किंवा दोन गोळे जुळे चिकटलेले, हे सगळे वेल्डिंगचे समजा. स्वच्छ पारदर्शक मणी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या रंगातले असतात, सुंदर दिसतात, टाकून द्या. अवकाशातून पूर्ण लोखंडी कणही येतात, पण ते थोडे आणि वेल्डिंगच्या गोळ्यांशी इतके मिळतेजुळते की प्रयोगशाळेशिवाय त्यांच्या वाटेला जाऊच नये असं माझं ठाम मत आहे.

शहरात हे जमणारच नाही, असं तज्ज्ञही बराच काळ मानत होते. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' या ब्रिटिश संशोधन जहाजाने खोल समुद्रातून आणलेल्या गाळात असे कण सापडले होते, नंतर अंटार्क्टिकाच्या बर्फात. शहराच्या धुळीत कोण बघणार? नॉर्वेचा जॅझ संगीतकार जॉन लार्सन बघत बसला. त्याचा आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या मॅथ्यू गेंजचा शोधनिबंध २०१७ साली 'जिऑलॉजी' या शोधपत्रिकेत आला: ओस्लो, पॅरिस, बर्लिनच्या छपरांवरचा सुमारे ३०० किलो गाळ, आणि त्यातून ५०० कण. एका संध्याकाळी तुम्हाला दहा सापडले असतील, तर हा आकडा आठवा आणि पुन्हा बघा.

शेवटची खात्री मूलद्रव्यांच्या तपासणीतूनच होते. दगडी कणात मॅग्नेशियम, सिलिकॉन आणि लोह ठळक दिसायला हवं. नुसतं निकेल दिसलं म्हणून नाचू नका: स्टेनलेस स्टीलमध्येही ते असतं, फक्त सोबत भरपूर क्रोमियम असतं.

कण काचपट्टीवर ठेवून झाकणाच्या डबीत ठेवा. डबीवर छपराची जागा, तारीख आणि चाळणीचा आकार त्याच दिवशी लिहा. माझ्याकडे अजून एक सुरेख पट्टेदार कण आहे, डबीवर फक्त 'मोठं छप्पर' लिहिलंय, आणि मी एकूण तीन मोठी छपरं धुंडाळली होती.