जीपीएस तट ओलांडतं तेव्हा: शनिवारवाड्यातला माझा पहिला एआर खेळ

एआर म्हणजे ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, खऱ्या जागेवर फोनमधून आभासी गोष्टींची भर घालणं. या क्षेत्रात नवा आलेला माणूस आधी थ्रीडी मॉडेल करायला बसतो. मीही बसलो. १८२८ च्या आगीत जळालेला शनिवारवाडा मोबाइलवर पुन्हा उभा करायचा, आठवीच्या मुलांनी जोत्यांवर फोन धरला की दालनं दिसली पाहिजेत, असा थाट होता. तीन महिने गेल्यावर कळलं की नुसत्या जोत्यांवरून वरचे मजले कसे होते ते कळत नाही. बरंचसं मी मनानेच रंगवत होतो आणि मुलांपुढे इतिहास म्हणून ठेवणार होतो. ते मॉडेल अजून हार्डडिस्कवर पडून आहे.

मग साधा, जागेवर गेल्यावर प्रश्न उघडणारा खेळ केला. पहिल्याच चाचणीत फजिती. गणेश दरवाज्याजवळचा प्रश्न मी पाच मीटरच्या वर्तुळात बांधला होता. एक गट बरोब्बर जागी उभा, तरी काही उघडेना. दुसऱ्या गटाला तोच प्रश्न तटाबाहेर, भेळेच्या गाडीपाशी उघडला. ती मुलं भेळ खाऊनच परतली!

फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखालीसुद्धा पाचेक मीटर इकडेतिकडे होतं. उंच भिंतीशेजारी सिग्नल भिंतीवर आपटून वळसा घेऊन येतो आणि चूक आणखी वाढते. आता मी वर्तुळ २०-२५ मीटरचं ठेवतो, दोन ठिकाणं एकमेकांपासून लांब निवडतो, आणि मूल तटाच्या आत आहे की बाहेर हे जीपीएसला ठरवू देत नाही. समोर काय दिसतंय ते मुलालाच विचारतो. एआरकोअरमध्ये, म्हणजे एआर ॲप बनवायच्या गूगलच्या साधनात, २०२२ पासून कॅमेऱ्यातलं दृश्य गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूमधल्या रस्त्यांच्या फोटोंशी ताडून जागा ओळखायची सोय आहे, पण ती स्ट्रीट व्ह्यू जिथे पोहोचलंय तिथेच आणि नेट असेल तरच. चुंबकाचं फ्लिप कव्हर मात्र आधी काढायला लावा, होकायंत्र वेडंवाकडं फिरतं. आणि पुरातत्त्व खात्याच्या वास्तूवर जागा ओळखायला क्यूआर कोड चिकटवायचा विचारही नको.

कोड लिहिण्याआधी कागदी चिठ्ठ्या घेऊन दोन-तीन मुलांबरोबर एक फेरी मारा. ऊन कुठे लागतं, स्क्रीन कुठे दिसत नाही, मुलं कुठे कंटाळतात, सगळं तासाभरात कळतं. कॅमेरा हवाच असंही नाही. एमआयटीतल्या ‘एन्व्हायर्नमेंटल डिटेक्टिव्हज’ या जुन्या खेळात विद्यार्थी जीपीएस जोडलेले हातातले छोटे संगणक घेऊन आवारात फिरत आणि भूजलात विषारी रसायन कुठून आलं ते शोधत. सांडलेलं रसायन काल्पनिक, पायाखालची जमीन खरी.

माझ्या खेळातला सगळ्यात चाललेला प्रश्न दिल्ली दरवाज्यावरच्या खिळ्यांचा. ‘हे इतक्या उंचावर का?’ एका मुलीने हात उंचावून उडी मारून पाहिली आणि म्हणाली, “सर, हे माणसांसाठी नाहीतच.” तिथून हत्तींपर्यंत पोहोचायला गटाला दोन मिनिटं लागली. स्क्रीनवर तेव्हा ती एकच ओळ होती, आणि फोन कुणीतरी खिशात टाकला होता.