कार्बन व्हील घेताना वजनाच्या आधी काय बघाल

मला कोणी सायकलच्या कार्बन चाकांबद्दल विचारलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: जोडीचं वजन किती? माझा उलट प्रश्न: ब्रेक कुठले? रिम ब्रेक (चाकाच्या बाहेरच्या कड्यालाच, म्हणजे रिमला, पॅड दाबून थांबवणारे) असतील आणि लांब घाट उतरायचे असतील, तर मी चांगली अ‍ॅल्युमिनियमची चाकंच सुचवतो. सतत ब्रेक दाबल्यावर कार्बन रिम तापते, पॅडही वेगळे लागतात. डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्याशी वेगळ्या तबकडीवर दाबणारे) असतील तर ही कटकटच नाही.

मग रिमची खोली, म्हणजे टायरपासून चाकाच्या मध्याकडे रिम किती उंच आहे ते. चढासाठी ३० ते ३५ मिमी, सगळीकडे चालवायला ४५ च्या आसपास. ६० मिमीचं पुढचं चाक आडव्या वाऱ्यात हँडल असं खेचतं की हलक्या वजनाच्या माणसाने त्या वाटेला जाऊच नये.

हुकलेस रिमबाबत (टायर अडकवून धरणारी आतली कड नसलेल्या) मात्र मी हट्टी आहे. हवेची कमाल मर्यादा साधारण ७२ पीएसआय, टायरही कंपनीच्या यादीतलाच हवा. तुम्ही ९० भरणारे असाल तर हुकवालीच घ्या.

जाहिरातीतल्या वजनात बहुतेकदा रिमवर लावायची टेप आणि हवेचे व्हॉल्व्ह धरलेले नसतात. आणि हो, फ्रीहब (मागच्या चाकाचा, गिअरची चक्रं बसतात तो भाग) तुमच्या कॅसेटला, म्हणजे त्या चक्रांच्या संचाला, बसतो का, ते पैसे देण्याआधी विचारा. जादा स्पोकही तेव्हाच मागून घ्या.