आधी कागद कापा, मग दीक्षाभूमीला जा

कला महाविद्यालयात फाउंडेशनच्या पहिल्या वर्षाला असाल तर तोल, लय, प्रमाण या मांडणीच्या तत्त्वांच्या व्याख्या पाठ करत बसू नका. एका वेळी एकच तत्त्व घ्या. सुरुवात तोलापासून करा.

काळ्या कागदाचा एक मोठा चौकोन आणि तीन-चार लहान तुकडे कापा. पोस्टकार्डाएवढ्या पांढऱ्या कागदावर ते नुसते सरकवत राहा, चिकटवायची घाई नको. मोठा चौकोन मधोमध ठेवला की सगळं शांत, थोडं निर्जीवच वाटतं. तो डावीकडे नेला की उजवी बाजू रिकामी पडते. मग तिथे अगदी कडेला एक बारका तुकडा ठेवून पाहा. तेवढ्यानेही तोल सावरतो. मोकळ्या जागेलाही वजन असतं, हे इथे हाताला कळतं. जमलेल्या मांडणीचा मोबाइलवर फोटो काढा आणि पुन्हा विस्कटा.

हे झाल्यावरच बघायला निघा. नागपुरातल्या दीक्षाभूमीचा स्तूप समोरून पाहिला की दोन्ही बाजू सारख्या, म्हणजे सममित तोल. शहरातल्याच झिरो माइल स्मारकाला मात्र उंच स्तंभ आणि चार घोडे आहेत; भोवती फिरा, जागा बदलली की तोलही बदलतो. डोळे अर्धवट मिटून पाहा, बारकावे पुसले जातात आणि गडद-फिकट आकारच उरतात. तेवढेच आकार वहीत काडेपेटीएवढ्या चौकटीत उतरवा. सुबक रेखाटन इथे मुळीच नको.

अजब बंगल्यातल्या, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातल्या मूर्तींसमोरही हेच करा. सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं.