आरबीचा ब्लॉट लावताना या चुका टाळा

आरबी हे पेशीच्या विभाजनाला लगाम घालणारं प्रथिन. त्यावर फॉस्फेट कमी असले की ते ई2एफ या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं आणि डीएनएची नक्कल करायला लागणारी जनुकं थंड राहतात. आधी सायक्लिन डी-सीडीके4/6 आणि मग सायक्लिन ई-सीडीके2 ही एन्झाइमं फॉस्फेट चढवत जातात, ई2एफ मोकळं होतं, पेशी एस टप्प्यात, म्हणजे डीएनएची नक्कल करण्याच्या टप्प्यात, शिरते. हे सगळ्यांना पाठ असतं, तरी ब्लॉट (जेलवर प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी) लावताना कुणालाच आठवत नाही.

सगळ्यात जास्त चीड येते ती पेशी वाढवायची प्लेट किती भरलीये हे न बघणाऱ्यांची. एकदा एक विद्यार्थी आनंदाने ब्लॉट घेऊन आला. औषध दिलेल्या पेशींत आरबीच्या सेरीन 807/811 या जागांवरचं फॉस्फेट दाखवणारा फॉस्फो-बँड साफ गायब, कंट्रोलमध्ये ठसठशीत. दोन्हीकडे प्रथिन सारखंच घातलंय हे दाखवणारं ॲक्टिनही समान. मी विचारलं, दोन्ही प्लेट एकाच दिवशी लावल्या होत्या का? नव्हत्या. औषधाची प्लेट तीन दिवस आधीची, काठोकाठ भरलेली. दाटीत पेशी जी1 मध्येच, म्हणजे एस टप्प्याच्या आधीच, थांबतात आणि आरबीवरचे फॉस्फेट आपोआप उतरतात, औषध असो वा नसो. पेशी मोजून, दोन्ही प्लेट एकाच वेळी लावून प्रयोग पुन्हा केला, तर फरक उरलाच नाही. तीन आठवडे गेले होते, आणि सादरीकरणाच्या स्लाइडही तयार होत्या. तेव्हापासून लायसेट (पेशी फोडून काढलेला रस) करण्याआधी प्रत्येक प्लेटचा फोटो घ्यायला लावते. फोटो नसेल तर मी ब्लॉट बघत नाही.

एकूण आरबीचा ब्लॉट न लावता फक्त फॉस्फो दाखवू नका. बँड फिका झाला तो फॉस्फेट गेल्यामुळे की प्रथिनच कमी झाल्यामुळे, हे ॲक्टिन सांगू शकत नाही.

फॉस्फेट उतरवणाऱ्या एन्झाइमांना रोखणारा फॉस्फेटेज इन्हिबिटर ऐनवेळी, ताजा घाला. लायसेट बर्फावरच.

वेळ वाचवायला 12 टक्क्यांचं जेल घेऊ नका. आरबी साधारण 110 केडीएला (किलोडाल्टन, प्रथिनाच्या वजनाचं एकक) दिसतं, फॉस्फेटवालं रूप जरा वर, आणि अशा जेलवर दोन्ही एकमेकांत मिसळतात. मी 7.5 टक्क्यांचं घेते आणि 75 केडीएचा मार्कर तळाशी येईपर्यंत चालवते. वरचा बँड फॉस्फेटचाच आहे का, अशी शंका आली तर थोडं लायसेट लॅम्डा फॉस्फेटेजने हाताळून शेजारच्या लेनमध्ये लावा. बँड खाली सरकला पाहिजे. एवढ्यासाठी एक लेन द्यायला लोक का कचरतात, मला कळत नाही.

आणि हेला या कर्करोगाच्या पेशींत आरबी फिकं आलं म्हणून अँटिबॉडीला दोष देऊ नका. तिथे एचपीव्ही 18 या विषाणूचं ई7 प्रथिन असतं, आणि ते आरबीचा नाश घडवून आणतं.